शिवणीच्या बदल्यात बास

सिंदीच्या कापसाच्या जिनातला हंगाम संपून आठ दिवस झाले होते. गोमाजी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून घ्यायला हिरालाल मिस्त्रीच्या दुकानात आला आणि दारातच रस्त्याकडे तोंड करून उकिडवा बसला. ऊन चांगलंच चढलं होतं. आत मिस्त्री रंधा मारत होता. रंध्याचा आवाज गोमाजीला येत नव्हता. मघाशी वळून पाहिलं तेव्हा फळीवरून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्या दिसल्या होत्या, तेवढंच. तो आपला समोरून जाणाऱ्या बैलगाड्या बघत होता, आणि तेवढ्यात कुणीतरी त्याला मागून हाक मारली.

तो इतक्या झटक्यानं वळला की कुऱ्हाडीचं पातं मांडीवरून घसरून खाली पडलं. मागे कुणीच नव्हतं. मिस्त्री भिंतीला टेकवलेली एक लांब फळी ओढून काढत होता, आणि त्याचं गोमाजीकडे लक्षही नव्हतं.

"काय म्हणलं?" गोमाजीनं विचारलं.

मिस्त्रीनं मान हलवली. आपण काही बोललो नाही.

"म्हणलं ना तुमी. मले आवाज आला."

मिस्त्री फळी हातात धरून त्याच्याकडे पाहतच राहिला. गोमाजीला मागून हाक मारून उपयोग नाही, हे अख्ख्या सिंदीला ठाऊक होतं. जिनातले लोक त्याच्या खांद्याला हात लावत, नाहीतर समोर येऊन हातवारे करत. मिस्त्रीला मग काहीतरी सुचलं. फळीच्या मागे, कोपऱ्यात, एका जुन्या गोणपाटाखाली काहीतरी मोठं उभं होतं. त्यानं गोणपाट बाजूला केलं आणि बोटानं एक जाड दोर ओढून सोडला.

गोमाजी उभा राहिला. तीच हाक होती. फुटबॉलएवढी मोठी गोष्ट छातीवर येऊन हळूच आदळावी, तसा तो आवाज आला, आणि आल्यावर लगेच गेला नाही. थांबून राहिला, आणि मग विरत विरत जमिनीत उतरला.

"अजून एक खेप," गोमाजी म्हणाला.

गोमाजी मूळचा आष्टीच्या पलीकडच्या डोंगरातला, मोहदरी नावाच्या वीस-पंचवीस घरांच्या गोंड वस्तीतला. बेचाळीसची गडबड होऊन गेल्यावर दोन वर्षांनी तो बायको बायजाला घेऊन खाली उतरला आणि सिंदीच्या एका जिनात लागला. घरात ते दोघं आपल्या गोंडीतच बोलत, बाहेर सिंदीच्या लोकांसारखं. जिनात टिनाच्या छपराखाली एका ओळीत यंत्रं मांडलेली असत. कापूस आत टाकायचा, इकडून रुई निघायची, तिकडून सरकी. दिवाळीनंतर भोंगा सुरू झाला की चैत्रापर्यंत रोज दहा-दहा तास तो खडखडाट कानात ओतला जायचा. संध्याकाळी घरी आल्यावर कानात रातकिडे ओरडत. सगळ्यांच्याच कानात ओरडत. सकाळपर्यंत ते गप्प होतात, असं जुने लोक सांगायचे. गोमाजीच्या कानातले पाचव्या हंगामापासून गप्प झाले नाहीत.

आवाज एकदम गेले नाहीत, ओळीनं गेले. सगळ्यात आधी बासरी गेली. मोहदरीत असताना गोमाजीच्या बासरीवर नाच व्हायचे, बायजानंही त्याला प्रथम पाहिलं ते बासरी वाजवतानाच. सिंदीत हंगाम संपला की तो बासरी काढायचा. एका उन्हाळ्यात वरचे तीन सूर वाजेनात. नुसती फुंकर ओठांना लागायची. बांबू चिरला असेल म्हणून त्यानं नवी बासरी केली. तिचेही तेच सूर मुके. तिसरी केली, तेव्हा बायजा समोर शेण कालवत होती. ती म्हणाली, "वाजते तं हाय बराबर. कायले घडोघडी नवी करून राह्यले?"

तिन्ही बासऱ्या त्यानं घराच्या कुडात खोचून ठेवल्या.

मग पाखरं गेली. मग पानांवरचा पाऊस, भाकरी थापताना होणारी थपथप, बांगड्या. बायजाचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येऊ लागला आणि मग तोही आटला. लेक जिजा जन्मली तेव्हा तिचं रडणं त्याला ऐकू येत होतं. पण ती बोलायला लागली तोवर उशीर झाला होता. आता जिजा आठ वर्षांची होती, दिवसभर तिचं तोंड चालू असे, आणि गोमाजीनं तिचा एकही शब्द कधी कानानं ऐकला नव्हता. मालगाडीची धडधड, ढोल, बैलाचं हंबरणं, एखाद्या भरड आवाजाच्या माणसाचं जवळून बोलणं, एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं. जाड ते सगळं राहिलं, बारीक ते सगळं गेलं.

म्हणून मिस्त्रीच्या दुकानातला तो आवाज त्याला हाकेसारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी दांडा बसवून झाला होता, तरी तो गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. मिस्त्री हिरालाल जबलपूरकडचा, पन्नाशी उलटलेला, आवाजानं भरदार. गोमाजीशी बोलताना तो त्याच्या कानाशी वाकून सावकाश बोले, आणि त्यातलं बरंचसं गोमाजीला कळे. त्यानं त्या वाद्याची कथा सांगितली.

काही वर्षांपूर्वी वर्ध्याला एक सर्कस आली होती. तिच्या बँडात माणसाएवढं उंच एक वाद्य होतं, त्याची मान प्रवासात मोडली. ओळखीच्या एका रेल्वे गार्डानं ते हिरालालकडे आणून दिलं. आठ दिवस ते दुकानात होतं. हिरालालनं मान जोडली आणि जोडता जोडता त्याची सगळी मापं काढून घेतली. पुढं नागपुरातल्या एका नाटक कंपनीच्या मालकाला ही गोष्ट कळली. त्यानं सांगितलं, तसलंच एक बनवा, पण गिटारसारखं, गळ्यात अडकवून वाजवता येईल एवढं. गाड्यांच्या चाकांची कामं सांभाळून हिरालालनं वर्षभर त्यावर मेहनत केली. पोट शिवणीच्या लाकडाचं, मान सागाची. तारा जाड हव्यात, त्या मिळेनात, तर गादीवाला पिंजारी ज्या ताणलेल्या दोरीनं कापूस पिंजतो, ती आतड्याची तात त्यानं मिळवली आणि चार वेगवेगळ्या जाडीच्या ताती पिळून घेतल्या. वाद्य तयार झालं, आणि कंपनी बुडाली. न्यायला कुणी आलंच नाही.

"बास बोलते हैं इसको," हिरालाल म्हणाला.

"बास काऊन? अजून तं वाजवलंच नाई," गोमाजी म्हणाला.

मिस्त्री पोट धरून हसला. गोमाजीनं विनोद केला, याचं त्याला नवल वाटलं. गोमाजीला कुणी विनोद करताना पाहिलं नव्हतं, कारण त्याच्याशी इतका वेळ कुणी बोलतच नसे.

सिंदीत त्या वाद्याचा कुणाला उपयोग नव्हता. भजनवाले बघून जात. सतारीला पडदे असतात, बोट कुठं ठेवायचं ते कळतं. याची मान साफ गुळगुळीत. बोट केसभर सरकलं की सूर बदलला. एका वाण्यानं विचारलं होतं, एवढा मोठा चमचा कुणाच्या लग्नासाठी केला?

गोमाजीला ती गुळगुळीत मानच आवडली. बासरीवर भोक अर्धं दाबून दोन सुरांच्या मधला सूर काढायचा असतो. इथं बोट सरकवलं की मधले सगळेच सूर वाटेत भेटत. पंधरा दिवस तो रोज दुपारी येऊन बसला. मिस्त्रीला लाकूड धरायला मदत करी आणि मग बास मांडीवर घेऊन एकाच तातीवर बोट वरखाली फिरवी. त्याचा कान वाद्याच्या पोटाला टेकलेला असे.

एके दिवशी मिस्त्री म्हणाला, "घेऊन जा, असं म्हणलो असतो गोमाजी. पर मेरा साल गया है इसमें."

"माह्यापाशी पैसा नाई," गोमाजी म्हणाला.

"पैसा कौन मांगता है? लकडी मिलती तो बात थी." मिस्त्रीनं दुकानाकडे हात फिरवला. भजनी मंडळांना मृदंगाची खोडं हवी होती. तीन गावांनी सांगून ठेवलं होतं, आणि शिवण कुठं मिळत नव्हती. मिळाली तर ओली. ओली शिवण कोरली की वाळताना ओढ घेते.

गोमाजी उठून मिस्त्रीसमोर आला. मग त्यानं दोन्ही हात पसरून लांबी दाखवली आणि कवेत घेतल्यासारखी जाडी दाखवली.

"शिवण हाय. माह्या बावानं तोडलेली. पंधरा वर्षं आढ्यावर वाळून राह्यली."

मिस्त्रीनं हातातली पटाशी खाली ठेवली.

त्या संध्याकाळी गोमाजीनं घरी सांगितलं. बायजा सुपात ज्वारी पाखडत होती. ती समोर आली, ओठ नीट दिसावेत म्हणून उजेडाकडे तोंड करून बसली. त्याच्याशी बोलायची तिची ही रीतच झाली होती.

"ते लाकूड तुमचं एकट्याचं नाई. जंगूदादाचं बी हाय."

"ठावं हाय."

"बावानं ढोलासाठी ठेवलं होतं."

"तेबी ठावं हाय."

बायजानं सूप खाली ठेवलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या वाजंत्रात माहा आवाज येईन का तुमाले?"

खोटं बोलावं असं गोमाजीला क्षणभर वाटलं. "नाई," तो म्हणाला.

ती उठून चुलीकडे गेली. तिची पाठ त्याच्याकडे होती, तेव्हा ती काही बोलली असेल तर ते त्याला कळलं नाही. मग ती वळली आणि म्हणाली, "जा. भाकरी बांधून देतो."

सिंदीहून पुलगावपर्यंत मोठी गाडी, तिथून आर्वीपर्यंत छोटी गाडी, आर्वीहून आष्टीपर्यंत मोटार आणि पुढं डोंगर पायी. दोन दिवसांनी गोमाजी मोहदरीत पोचला. थोरला भाऊ जंगू दारात बाजेची दोरी ताणत होता. सात वर्षांत भावांची गाठ नव्हती. जंगूनं त्याला मिठी मारली, काहीतरी खूप वेळ बोलला आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहून थांबला.

"ऐकू येत नाई दादा. जवळून बोल. जाड बोल."

जंगूला ते पुरतं खरं वाटलं नाही. शहरात गेलेला माणूस घरच्यांचं ऐकेनासा होतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. जेवण झाल्यावर गोमाजीनं शिवणीची गोष्ट काढली आणि जंगूचा चेहरा उतरला. त्यानं वर आढ्याकडे पाहिलं. धुरानं काळा पडलेला तो ओंडका दोन तुळयांच्या मध्ये आडवा होता. बावा मरायच्या आदल्या वर्षी तो दोघा भावांनी रानातून खांद्यावरून आणला होता. पुढं गोमाजी, मागं जंगू.

"एका वाजंत्रासाठी?" जंगू त्याच्या कानाशी ओरडला. "बावानं ढोलासाठी ठेवला. ढोल तं तुले ऐकू येते म्हणतं. मंग ढोलच बनवू. इथंच बनवू. तू बी राह्य इथंच."

"ढोल ऐकू येते," गोमाजी म्हणाला. "पण ढोल ठोका देते दादा. गाणं नाई देत."

"मी वाजवीन, तू आईक."

"सहा वर्षं झाली. एक गाणं नाई ऐकलं मी. डोक्यात हायेत सारी, पण डोक्यातली बी आता मोडून राह्यली. अर्धं आठवते, अर्धं नाई. ती बी गेल्यावर माह्यापाशी काय राहीन?"

एवढं लांब वाक्य तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. बोलताना आपला आवाज किती चढला आहे, हे त्याला कळलं नाही. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली होती. जंगू उठून निघून गेला.

सकाळी गोमाजी अंगणात मोहाच्या झाडाखाली बसला होता. त्यानं परत जायचं ठरवलं होतं, गाठोडं बांधून तयार होतं. मागं काहीतरी हालल्यासारखं वाटून त्यानं वळून पाहिलं, तर जंगू शिडी खांद्यावर घेऊन घराकडे चालला होता. तो गोमाजीकडे न बघताच आत गेला. थोड्या वेळानं आढ्यावरून काजळी आणि धूळ खाली आली आणि ओंडक्याचं एक टोक दारातून बाहेर डोकावलं.

जंगूनं स्वतःची गाडी जुंपली. पाटलाकडून चिठ्ठी घेतली, जंगलखात्याच्या नाक्यावर कुणी अडवू नये म्हणून. "मी बी येतो," तो म्हणाला. "बावाची शिवण कोणाच्या घरी चालली, पाहू तं दे."

चार दिवसांचा रस्ता होता. गाडीत मधोमध ओंडका लांबीत ठेवल्यामुळे दोघांना शेजारी शेजारी बसता येईना. जंगू कासरा धरून पुढं बसला आणि गोमाजी त्याच्या पाठीला पाठ लावून मागं बघत बसला. मोहदरीचा डोंगर हळूहळू लहान होत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी गोमाजीला पाठीत गुणगुण जाणवली. प्रथम त्याला वाटलं, चाकाचा हादरा आहे. मग कळलं की जंगू गातो आहे. बरगड्यांमधून बरगड्यांत येत होतं ते. शब्द नव्हते, चाल नव्हती, नुसतं थरथरणं होतं. ते सुरू व्हायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. गोमाजीनं पाठ जास्तच टेकवली.

"कोणतं गाणं होय?" त्यानं विचारलं.

जंगूनं गाडी थांबवली, खाली उतरून समोर आला. त्याचे डोळे ओले होते. त्यानं गोमाजीचा कान धरला आणि तोंड अगदी जवळ नेऊन म्हणाला, "काल सकाळी झाडाखाली बसला होता तू. मी मागून तीनदा हाक मारली. तिसऱ्या खेपेले शिवी देल्ली. आईवरून देल्ली. तू हाललाच नाई रे."

गोमाजी हसला. "कोणती शिवी?"

जंगूनं ती पुन्हा, आता कानात, दिली. दोघं भाऊ भर रस्त्यात हसत उभे राहिले. बैलांनी मान वळवून पाहिलं.

सिंदीत मिस्त्रीनं ओंडका दुकानासमोर उतरवून घेतला. बोटांच्या पेरांनी त्यावर टकटक केली, धुराचा थर चाकूनं खरवडला. आत लाकूड फिकट पिवळं, जुन्या लोण्यासारखं निघालं. त्याचा चेहरा फुलला. दोघा भावांनी करवत धरली आणि मिस्त्रीनं जिथं खूण केली तिथं ओंडका कापायला घेतला. पहिला तुकडा सुरेख निघाला, दुसराही तसाच. तिसऱ्याला करवत एकदम सैल गेली आणि पिवळा भुगा भसाभस खाली आला. बुडाकडचा हातभर भाग किड्यांनी आतून पोखरला होता.

मिस्त्रीनं तुकड्याच्या पोकळीत बोट घातलं. तीन खोडांचा हिशेब होता, आता दोनच निघणार होती. गोमाजी त्याच्या तोंडाकडे बघत होता. मिस्त्रीनं बीडी पेटवली. जंगूनं पागोटं काढून पुन्हा बांधलं. पंधरा वर्षं वर बघत झोपलो, आणि आतून किडा खात होता, असं तो पुटपुटला. ते गोमाजीला कळलं नाही, पण भावाचा पडलेला खांदा कळला.

"दो ही निकलेंगे," मिस्त्री शेवटी म्हणाला. त्यानं दोन बोटं दाखवली.

"तिसऱ्याचं काम करतो," गोमाजी म्हणाला. "करवत ओढतो. जीन सुरू होयेपर्यंत. जेवढे दिस म्हणता तेवढे."

मिस्त्रीनं बीडी विझवली. "पंधरा दिन," तो म्हणाला. "और मृदंग मैं बनाऊंगा, पर कोरते वक्त तू पास बैठना. तेरे बाप की लकडी है."

त्याच दिवशी बास गोमाजीच्या घरी आला. जंगूनं तो स्वतः उचलून आणला, तान्ह्या मुलाला धरतात तसा दोन्ही हातांवर. दारात बायजानं बासाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्याले ठेवू कुठं?" अखेर तो कणगीच्या शेजारी, पोत्यावर उभा राहिला. जंगूनं त्या रात्रीचा मुक्काम केला आणि सकाळी गाडी जुंपली. जाताना त्यानं जिजाला जवळ घेऊन काहीतरी सांगितलं. काय, ते तिनं बापाला नंतर हातवारे करून दाखवलं: याच्यावर लक्ष ठेवजो.

पंधरा दिवसांची करवत झाली. दोन्ही मृदंगांची खोडं कोरून झाली. त्या दिवसांत दुपारपर्यंत गोमाजी मिस्त्रीकडे काम करी आणि मग घरी बास घेऊन बसे. हाताची बोटं आधी सोलली, मग घट्ट झाली. गाणं लगेच सापडलं नाही. बासरीवर बोटं आपोआप जायची तसं इथं होईना. चाल डोक्यात असे, पण ती बासरीच्या उंचीवरची असे. ती इतक्या खोल आणायची म्हणजे ओळखीच्या माणसाला अंधाऱ्या घरात चाचपून ओळखण्यासारखं होतं. एके दुपारी नाचाची एक चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत सापडली. मध्ये जी ओळ तो विसरला होता, ती बोटांनी सरकता सरकता आपणहून काढली. तो थांबला. पुन्हा वाजवून पाहिली. तीच होती. त्यानं वर पाहिलं, तर बायजा विळीवर कांदा चिरायची थांबली होती. तिचे पाय जमिनीवर एका जागी हलत होते, त्या चालीवर, तिच्याही नकळत.

जिजानं दुसराच शोध लावला. बाप परसात असला की त्याला बोलवायला धावत जावं लागे. एक दिवस तिनं घरातूनच सगळ्यात जाड तात ओढली. गोमाजी परसातून आत आला. "कोणं बलावलं?" त्यानं विचारलं. तेव्हापासून त्या घरात गोमाजीला बोलवायचं असलं की बास वाजे. एकदा वाजला तर ये, दोनदा वाजला तर जेवायला ये. गल्लीतली पोरं त्यावर हसत. जिजा त्यांना हुसकावून लावी.

आणखीही एक तिनंच केलं. बासाच्या पोटाला मध्ये गोल भोक होतं. गोमाजी पोटावर तळहात ठेवून बसला होता, तर जिजानं भोकाशी तोंड नेलं आणि आत काहीतरी बोलली. गोमाजीच्या तळव्याला मुंगी चालल्यासारखं झालं. त्यानं हात झटकन उचलला, पाहिला, पुन्हा ठेवला.

"परत बोल," तो म्हणाला.

ती परत बोलली. पुन्हा ती मुंगी, इथून तिथं.

"काय म्हणलं?"

जिजानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. स्वतःचं नाव सांगितलं होतं तिनं. गोमाजीनं ते नाव तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं. आवाज आला नाही. पण नाव कसं चालतं, कुठं जड होतं आणि कुठं हलकं होऊन संपतं, ते त्याला कळलं. मग त्यानं तोंड वळवून घेतलं आणि बराच वेळ कणगीकडे बघत राहिला. जिजाला वाटलं, बावाला राग आला.

बायजानं हे सगळं पाहिलं होतं. दिवाळीच्या आधी, भोंगा सुरू व्हायला दोन-तीन दिवस असताना, जिजा शाळेत गेली होती, तेव्हा तिनं दार लोटून घेतलं. गोमाजीच्या समोर बसली, त्याचे दोन्ही हात धरून बासाच्या पोटावर ठेवले आणि पदर सावरून भोकाशी तोंड नेलं. ती गायली. लहान गाणं नव्हतं, चांगलं मोठं होतं. गोमाजीचे हात त्या लाकडावर होते आणि डोळे तिच्या कपाळावर. थरथर यायची, जायची, कधी तळव्याच्या मध्यात, कधी बोटांच्या टोकांशी. गाणं कोणतं, ते त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. झाल्यावर ती उठून चुलीशी गेली आणि गोमाजी हात तसेच ठेवून बसून राहिला, लाकूड पुरतं गप्प होईपर्यंत.

त्या हंगामात तो पुन्हा जिनात गेला. दुसरं काम नव्हतं. हिरालालनं त्याला कानात घालायला मेणात भिजवलेल्या रुईचे बोळे करून दिले आणि म्हणाला, जितना बचा है उतना बचा. त्यामुळे काही फरक पडला की नाही, कुणास ठाऊक. पण बासाचा आवाज पुढली कित्येक वर्षं त्याला येत राहिला. सिंदीतल्या दोन-तीन भजनी मंडळांनी त्याला बोलावलं. एका मंडळात तर त्याच्या बावाच्या शिवणीचा मृदंगही होता. तो जाऊन बसे. टाळ त्याला ऐकू येत नसत, पण गाणाऱ्यांच्या माना बघून तो बरोबर जागी तात ओढी.

अठ्ठावन्न साली, हंगाम संपल्यावर, जंगू पुन्हा आला. आपल्या लेकीच्या सोयरिकीसाठी तो हिंगणघाटकडे गेला होता, येताना गाडी वळवून सिंदीला थांबला. दोन दिवस राहिला. केस पिकले होते आणि खोकला लागला होता. भाऊ दिवसभर अंगणात बसून बिड्या ओढत, फारसं बोलत नसत. तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना जंगू म्हणाला, "वाजव."

गोमाजीनं बास गळ्यात घेतला आणि दारात उभा राहून वाजवू लागला. जंगूनं गाडी हाकली. गल्ली संपली, गाडी मोठ्या रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली, तरी गोमाजी वाजवतच होता. बायजानं मध्ये दोनदा बाहेर येऊन पाहिलं. शेवटी ती त्याच्या खांद्याला हात लावणार होती, पण लावला नाही.

पंधरा दिवसांनी आष्टीकडचा एक बैलांचा व्यापारी सिंदीच्या बाजारात आला. त्यानं गोमाजीला शोधून काढलं आणि जंगूचा निरोप दिला. तो सांगायला त्याला तीन वेळा कानाशी ओरडावं लागलं.

"जंगूभाऊनं सांगतलं, रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी उभी राह्यली. तिथवर आवाज येत होता म्हणे."

गोमाजीनं मान हलवली. व्यापारी निघाला, तसं त्यानं त्याचा हात धरला.

"अन् फाटक उघडल्यावर? पुढं?"

"पुढचं काई बोलला नाई गा," व्यापारी म्हणाला. "मी इचारू का? आता गेलो का इचारतो."

"इचारजो," गोमाजी म्हणाला.